कुठेच नाही, मुक्काम नाशिक

सुट्टीत कुठे गेला होतात, असे विचारल्यावर ‘कुठेच नाही’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक दयेने बघतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्यांचे फोटो दाखवायला आतुर असलेले तर जरा जास्तच. ही दया अनाठायी आहे. ‘कुठेच नाही’ हे रीतसर जाण्याचे ठिकाण आहे, तिथे शतकानुशतके यात्रा भरतात आणि त्याचा मुक्काम पोस्ट नाशिक आहे, असे माझे म्हणणे आहे. शनिवारी कसारा घाट चढून मुंबईची जी वाहने येतात, ती ‘कुठेतरी’ यायला निघालेली असतात. कुठेतरी म्हणजे मिसळ, द्राक्षमळे, गंगापूर धरणाची पाळ आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून झालेली भांडणे. नाशिकचा जुना पाहुणा मात्र जे दिसत नाही तेच बघायला यायचा आणि समाधानाने परत जायचा.

पुरावा रामकुंडापासूनच घेऊ. तिथे गोदावरीला अरुणा मिळते. संगम आहे, स्नान आहे, संकल्प आहे. अरुणा तेवढी दिसत नाही, ती शहराच्या पोटात गेली. तिची बहीण वरुणा म्हणजे आजची वाघाडी. ती दिसते, पण बघवत नाही, त्यामुळे तुलनेत अरुणेची प्रतिष्ठा वाढलेलीच आहे. सरस्वती प्रयागला गुप्त आहे तशी नाशकातही आहे, फक्त इथे तिच्यावरून बाजाराची वर्दळ चालते आणि जोराच्या पावसात सराफ बाजारात पाणी शिरले की व्यापाऱ्यांना तिची आठवण येते. यात नद्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण घराण्याचे वळणच तसे. खुद्द गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून लुप्त होते, गंगाद्वाराला डोकावते, त्र्यंबकला कुशावर्तात सापडते, तिथूनही सटकते आणि काही मैलांवर चक्रतीर्थाला एकदाची नदी म्हणून वाहायला लागते. इतक्या वेळा गायब झालेल्या सरकारी फायलीची कोणी परिक्रमा करत नाही. पाश्चात्त्यांचा स्वभाव याबाबतीत अगदीच कोता. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामध्ये नकाशांवर ‘सँडी आयलंड’ नावाचे एक बेट होते. 2012 साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जहाज घेऊन तिथे पोहोचले, तर बेटाच्या जागी सुमारे 1,400 मीटर खोल पाणी. त्यांनी काय करावे? बेट नकाशावरून पुसायला लावले! आपल्याकडे असते तर तिथे एक घाट बांधला असता, आणि दर अमावास्येला होड्या गेल्या असत्या.

कोणी म्हणेल, ही श्रद्धेची गोष्ट झाली. श्रद्धा बाजूला ठेवली तर नसलेली वस्तू बघायला कोण जाईल? त्याने पावसाळ्यात गंगेवर यावे. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यावर वाद घालू नये.) पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. उन्हाळ्यात त्याच्याकडे बुधवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडणारी बाई मान वर करूनसुद्धा बघत नाही. धरणातून विसर्ग वाढला की मात्र शहरभर बातमी फिरते: पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीला आले. माणसे छत्र्या घेऊन निघतात, होळकर पुलावर कठड्याला गर्दी होते, पोलीस शिट्ट्या वाजवून थकतात. आणि 2016 च्या ऑगस्टसारखा पूर आला, मारुती पुरता बुडाला की गर्दी कळसाला पोहोचते. म्हणजे मूर्ती दिसते तेव्हा दर्शनाला कोणी नाही, आणि दिसेनाशी झाली की ‘बघितलंस का, दिसत नाही!’ असे एकमेकांना दाखवायला अर्धे गाव हजर. यात आस्तिक-नास्तिक असा भेद कोणी करत नाही. शिवाय ही परंपरा फार जुनी आहे. पंचवटीतल्या कथेची सारी उलथापालथ ज्या हरणापायी झाली, ते हरीण मुळात हरीणच नव्हते. तरीही त्याच्या शिकारीची जागा निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराच्या देवळापाशी दाखवतात, आणि लोक ती बघून येतात.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसांचा: रिकाम्या जागेतून गावाला काय मिळते? त्यांच्यासाठी तपोवनातले साधुग्राम आहे. बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थ कुंभमेळ्याला, तिथे आखाडे, खालसे, मंडप, नळ, दिवे, दवाखाने यांचे अख्खे गाव उभे राहते. 2003 साली होते, 2015 साली होते. मधल्या वर्षांत तिथे साधूही नाही आणि ग्रामही नाही, पण विकास आराखड्यात जागा आरक्षित. ज्यांच्या जमिनी त्यात अडकल्या, त्यांना हा विनोद वाटत नाही, आणि ते रास्तच आहे. 2025 च्या अखेरीस तर साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. जे गाव अजून वसलेलेच नाही त्याच्यासाठी उभी झाडे पाडायची की नाहीत, यावर एवढे रान पेटले, तर ‘कुठेच नाही’ला किंमत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? माझे मत विचाराल तर झाडांच्या बाजूने आहे. नसलेल्या गोष्टींचे दर्शन सावलीत बसूनच नीट होते.

राहिला सर्वांत चलाख आक्षेप: काहीच बघायचे नसेल तर घरी बसायला काय हरकत आहे? हरकत अशी की घर हे ‘कुठेच नाही’ होऊच शकत नाही. तिथे गॅसचा नंबर लावायचा असतो, सोसायटीची मीटिंग असते, दारावर बेल असते. काहीच नसणे हे ठराविक जागी, ठराविक पाण्याखाली किंवा ठराविक रानातच भेटते आणि त्यासाठी गाडीभाडे मोजावे लागते. तेव्हा पुढच्या सुट्टीत नाशिकरोडला उतरा आणि बस धरून पंचवटीत या. पण बेत ठरवताना एक तारीख लक्षात ठेवा: 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे, आणि सांगता थेट जुलै 2028 मध्ये. त्या काळात ‘कुठेच नाही’मध्ये पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही.