पां., म. आणि बापट

पुस्तक लिहिण्यापेक्षा पुस्तकाचा आराखडा करण्यात जास्त सुख आहे. आराखड्याला कुणी संदर्भ मागत नाही, आणि 'लेखन जोरात चाललंय' असं चारचौघांत छातीठोकपणे सांगता येतं. मुळशी सत्याग्रहावरच्या माझ्या पुस्तकाचा आराखडा असाच चांगला बाळसेदार झाला होता. या विषयावर राजेंद्र व्होरांचं पुस्तक आहे. त्याच्याही आधी, सत्याग्रहात स्वतः उतरलेल्या वि. म. भुस्कुट्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. तरी आपली हौस.

एका मित्राने 'स्क्रिव्हनर' घ्यायला लावलं. कीथ ब्लाउंट नावाच्या इंग्रज गृहस्थांना कादंबरी लिहायची होती, मनाजोगं साधन मिळेना, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकून हे सॉफ्टवेअरच तयार केलं आणि २००७ साली बाजारात आणलं. कादंबरीआधी एवढी तयारी करणारा माणूस मला तत्काळ आपला वाटला. यात पुस्तकाचा प्रत्येक विभाग सुटा राहतो. डावीकडे त्यांची यादी, मधल्या फळ्यावर एकेकाचं कार्ड. हवं ते उचलून हवं तिथे टाकावं. आयता आराखडा दिला, कुठे कापायचं ते सांगितलं, की तुकडेही तेच पाडून देतं.

वातावरणनिर्मिती हवी म्हणून मी मुळशीला, धरणाच्या काठी एका घरात खोली घेतली. खिडकीतून पाणी दिसत होतं. मुळा आणि निळा या नद्या जिथे भेटतात तिथे टाटांनी धरण बांधलं, गावं बुडणार म्हणून ज्याच्याविरुद्ध तो सत्याग्रह झाला, तेच हे.

तर, आराखडा हाती देताच सॉफ्टवेअरने विचारलं, तुकडे कोणत्या खुणेपाशी पाडू? चौकटीत आधीच # होतं. म्हटलं, हे जाळीदार चिन्ह कशाला? आपला प्रत्येक मुद्दा पूर्णविरामाने संपतो. मी # खोडलं आणि टिंब दिलं.

फळा कार्डांनी भरून वाहिला. पहिल्या कार्डावर 'पां'. दुसऱ्यावर 'म'. तिसऱ्यावर 'बापट मुळशीत येतात'. पुढे 'न', मग 'चिं', मग 'केळकर पाठिंबा देतात'. 'ता' वेगळं आणि '१६ एप्रिल १९२१, रामनवमी, सत्याग्रहाचा प्रारंभ' वेगळं. मराठी माणूस आद्याक्षरांशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे त्या इंग्रज गृहस्थांना कोण सांगणार? मुळात मलाच ते आठवलं नव्हतं.

चहा घेऊन आलेले घरमालक स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सर, पत्ते लावताय होय?"

तुकडे जोडायची आज्ञाही आहे. मी भराभर जोडत सुटलो. वाचून पाहिलं तेव्हा सत्याग्रहाचं नेतृत्व न. चिं. बापट करत होते आणि त्यांना पां. म. केळकर पाठिंबा देत होते. एवढ्यात वीज गेली. इथलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते आणि मुंबईकडे जाते. हा मुद्दा आराखड्यात कुठे तरी होता. आता तो अंधारात अंगावर आला. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, तीही गेली. वाटलं, बरं झालं, सगळा घोळ पुसला गेला. पण हे सॉफ्टवेअर दोन सेकंद हात थांबला की आपणहून सगळं जतन करतं. घोळ सुखरूप होता.

अंधारात मालकांच्या आई ओटीवर बोलायला बसल्या. परसात तुळशीशेजारी एक जातं पालथं पडलं होतं, खुंट्याच्या भोकात शेवाळ साचलेलं. "आजेसासूबाईंचं हाय. घरात पाणी शिरायच्या आधी डोक्यावरनं वर आणलं. दुसरं काय आणाया घावलं न्हाई."

मी मनात विभाग चाळले. 'कारणे', 'नेतृत्व', 'कायदेशीर बाजू', 'परिणाम'. जातं कशातच बसेना. तसं त्यांना सांगितलं.

"बसवायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आधी लिवा तर खरं."

पटलं. वीज येताच मी नवा विभाग उघडला आणि नाव दिलं 'जातं'. प्रत्येक विभागाला रंगीत पट्टी लावायची सोय आहे. दगड म्हणून करडी लावावी की शेवाळामुळे हिरवी, एवढं एकदा ठरलं की लेखनाला सुरुवातच करायची आहे.