तारीख बदला, देवी तिथेच आहे

देवदर्शनाचा बेत ठरतो तेव्हा घरात सगळ्यावर खल होतो. गाडी कुणाची, पुढच्या सीटवर कोण, डबा घरचा की वाटेत मिसळ, ओटीचं सामान कुणी घ्यायचं. दिवसावर मात्र खल होत नाही. रविवार, नाहीतर पौर्णिमा. विषय संपला.

तोच दिवस पुण्यातल्या, साताऱ्यातल्या आणि मुंबईतल्या हजारो घरांनी ठरवलेला असतो. हे कळतं खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर.

भोर आणि वेल्हे तर पुणेकरांना घरचेच वाटतात. बनेश्वर, रायरेश्वर, तोरण्यावरची मेंगाई, राजगडावरची पद्मावती. सकाळी निघा, रात्री घरी. काशीला जाताना माणूस चार जाणत्यांना विचारतो, इथे कुणालाच विचारत नाही. अंतर कमी म्हणून तयारी कमी.

दरी मात्र तेवढीच खोल असते.

मांढरदेवची काळूबाई घ्या. नकाशावर ती सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात. पण पुण्याकडच्या कितीतरी भाविकांची वाट भोरवरून, अंबाडखिंडीच्या घाटातून जाते. यात्रा म्हणजे काय, हे भोरकरांना सांगावं लागत नाही. पौषात ती त्यांच्या दारावरूनच जाते.

२५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा. वार मंगळवार, म्हणजे देवीचाच. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. एका तारखेत तीन निमित्तं जमली आणि एका डोंगरावर लाखो माणसं.

देवळाकडे जाणारी वाट अरुंद. दोन्ही अंगांना दुकानं. पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांचं पाणी. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर. माणसं घसरली, मागची त्यांच्या अंगावर पडली, पुढे दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळपास तीनशे माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती.

पाय घसरायला नारळाचं पाणी पुरलं.

पुढे न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. यात्रेत पशुहत्या, पायऱ्यांवर नारळ फोडणं आणि वाद्यं वाजवणं यांवर बंदी आली. यात्रेआधी प्रशासनाच्या बैठका होतात, पोलीस, रुग्णवाहिका, एसटी यांचं नियोजन होतं. चांगलं आहे. पण घरातल्या बैठकीत काय बदललं? तिथे आजही एकच ठराव पास होतो: पौर्णिमेलाच जायचं, सगळ्यांनी जायचं, आजीलाही न्यायचं.

आजीला दर्शन हवंय. गर्दी तिनं कधी मागितली?

गर्दीचं गणित भक्तीवर चालत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की पुढचं पाऊल आपण टाकत नाही, गर्दी टाकते. त्या क्षणी धट्टाकट्टा तरुणही स्वतःला सावरू शकत नाही. चेंगराचेंगरीत माणूस बहुतेक वेळा पायाखाली तुडवून मरत नाही. छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो आणि उभ्या उभ्या जीव जातो. अशा वेळी कडेवरचं पोर कुणाच्या भरवशावर असतं?

‘आमचा नवसच पौर्णिमेचा आहे.’ हे उत्तर ठरलेलं. मान्य. पण तो नवस बोलताना तारीख कुणी घातली? आपणच. देवीनं कुणाला मुहूर्त दिला नव्हता. कुळाचार मोडा असं कुणी म्हणत नाही. घरातल्या दोघांनी पौर्णिमेला जाऊन नारळ ठेवावा, बाकीच्या दहांनी पुढच्या आठवड्यात बुधवारी जाऊन शांतपणे ओटी भरावी. ओटी तीच, खण तोच, देवी तीच. बुधवारी तिच्यासमोर दोन मिनिटं उभं तरी राहता येतं. यात्रेत ‘चला, पुढे चला’ एवढंच ऐकू येतं आणि डोळे मिटायच्या आत आपण बाहेर पडलेलो असतो.

म्हणजे सगळी जबाबदारी भाविकाची का? मुळीच नाही.

दुर्घटना घडली की ‘भाविकांनी संयम बाळगावा’ हे वाक्य ठरल्याप्रमाणे येतं. पायऱ्यांची रुंदी भाविक ठरवत नाही. चढायची आणि उतरायची वाट वेगळी ठेवणं त्याच्या हातात नाही. दुकानाचा गाळा वाटेपासून किती लांब, गॅसची टाकी कुठे, गर्दी वाढली की लोकांना खाली कुठे थोपवायचं, हे ठरवायला कार्यालयं आहेत आणि त्यांना पगार आहेत. २ जुलै २०२४ ला हाथरसच्या सत्संगात १२१ माणसं गेली. तिथे तर डोंगर नव्हता, पायऱ्याही नव्हत्या. गर्दी तेवढी होती.

टोकन दिलं की सुटला प्रश्न, असंही नाही. तिरुपतीला दर्शनाच्या टोकनाची पद्धत वर्षानुवर्षं मुरलेली. तरीही ८ जानेवारी २०२५ ला वैकुंठ एकादशीच्या टोकनांसाठी जमलेल्या गर्दीत सहा माणसं गेली. दर्शनाची रांग आवरली, टोकनाची रांग उरली. सगळ्यांना तोच दिवस हवा असेल तर गर्दी फक्त जागा बदलते.

आता वेल्ह्याकडे वळू. तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालंय. फाट्यावर रस्ता विचारताना मात्र वेल्हेच विचारा, लवकर पोहोचाल.

याच भागातल्या कांबरे गावाचा कांबरेश्वर कुणाच्या सुट्टीप्रमाणे दर्शन देत नाही. १९२८ साली भाटघरचं धरण पूर्ण झालं आणि देऊळ पाण्याखाली गेलं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्यातच असतं. मे-जूनमध्ये पाणी उतरलं की दगडी बांधकाम वर येतं, माणसं चिखल तुडवत जातात, पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात. इथे धरणाची पातळी आधी विचारावी लागते. पंचांग नंतर.

हे देऊळ हल्ली मोबाइलवर फार फिरतं. व्हिडिओत दिसतं कोरडं आवार आणि मागे निळं पाणी. दिसत नाही तो गाळ. उतरलेल्या धरणाचा काठ वरून टणक वाटतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि दोन पावलांवर अचानक खोल पाणी असतं. २०२२ च्या मे महिन्यात याच भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या. देऊळ बघायला जा, हात जोडा, परत फिरा. पाण्यात उतरायचं काही कारण आहे का?

गडावरच्या देवीचं आणखी वेगळं. तोरणा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, १४०३ मीटर. मेंगाईचं देऊळ वर आहे, रोपवे नाही, वाटेत हॉटेल नाही. तरीही पावसाळ्यातल्या रविवारी साध्या चपला घालून, एका बाटलीत चौघांचं पाणी घेऊन घरंच्या घरं निघतात. कातळातल्या अरुंद टप्प्यावर वरून शंभर माणसं उतरत असतात, खालून शंभर चढत असतात.

मांढरदेवला पायऱ्या होत्या. इथे शेवाळ आहे.

राजगडावर पद्मावतीला जायचं असेल तर आधी वाट ठरवा. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट जवळची, पण शेवटी अंगावर येणारी. पाल्याकडून पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि मोठी माणसं बरोबर असतील तर तीच बरी. ‘कोणती जवळची?’ असं सगळे विचारतात. ‘आईला कोणती जमेल?’ हे कुणी विचारत नाही. आणि देवळात मुक्काम करू असं परस्पर ठरवून निघू नका. नियम काय आहे ते आधी विचारा, नाहीतर रात्री अंधारात गड उतरायची वेळ येते.

रायरेश्वरावर जायला लोखंडी शिडी आहे. वर जंगमांची वस्ती आहे, आधी कळवलं तर पिठलं-भाकरी मिळते. आधी कळवलं तर. चाळीस माणसं न सांगता दारात उभी राहिली की त्या घरातल्या बाईनं काय करायचं? १६४५ ची शपथ सगळ्यांना पाठ असते. स्वराज्याची शपथ घेतली त्या पठारावर प्लास्टिक टाकून उतरताना ती कुणाला आठवते?

बनेश्वराला यातलं काहीच नाही. नसरापूर महामार्गाजवळ, गाडी थेट दारापर्यंत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ, गर्द झाडी, कुंडात मासे. तिथल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेली ही पोर्तुगीजांची घंटा. महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी गेलात तर ती घंटा फक्त वाजते. साल वाचायचं असेल तर मंगळवारी-बुधवारी जा. देवळामागच्या धबधब्याच्या पात्रात मात्र कुठल्याच वारी उतरू नका.

भोरवरून पुढे शिवथरघळीला निघालेल्यांसाठी एक गोष्ट. वाटेत वरंधा घाट आहे. पावसाळ्यात दरडी येतात आणि तो बहुतेक वर्षी वाहतुकीला बंद असतो. मोबाइलवरचा नकाशा रस्ता निळा दाखवतो, भोर पोलीस ठाण्याला फोन केला तर खरं कळतं. फोनला पैसे पडत नाहीत. तरी घाटाच्या तोंडाशी जाऊन गाडी वळवणारे दर पावसाळ्यात दिसतात.

आणि टेम्पो. तो अजून सुटलेला नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात तीस माणसं, वर ताडपत्री, मध्ये पातेली, आणि अंबाडखिंडीची वळणं. ‘स्वस्तात होतं’ म्हणे. भोर आणि वाई, दोन्हीकडून यात्रेला एसटीच्या जादा गाड्या असतात. तिकिटाचा हिशेब घालण्याआधी घाटाचा घाला.

तेव्हा बेत ठरवायला बसाल तेव्हा क्रम उलटा करा. आधी घरातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस बघा. त्यांना किती चालवेल ते बघा. मग त्या ठिकाणच्या गावकऱ्याला, नाहीतर देवस्थानाला फोन करून गर्दीचे दिवस विचारा. मांढरदेवला मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि अमावास्या सोडून कोणताही दिवस घ्या. रजा टाकावी लागेल. टाका. लग्नाला टाकता, मॅचला टाकता, देवीला टाकायला काय हरकत आहे?

आणि एवढं सगळं ऐकूनही पौष पौर्णिमेलाच जाणार असाल, तर निदान लहान मुलांना घरी ठेवून जा.