माणूस समोर पाहिजे

नानांच्या फ्रिजच्या दारावर ज्याचा फोटो, तो त्यांचा सध्याचा आदर्श. फोटो दारावरून फ्रिजच्या बाजूला सरकला, की त्या थोर पुरुषाची कारकीर्द संपली असं समजावं. बाजूला आता इतकी दाटी झाली आहे, की काकूंना दुधाच्या हिशेबाचा कागद लावायला जागा उरलेली नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. बँकेतून निवृत्त. पोट बेताचं, मतं भरपूर. "नुसता व्यायाम कुणीही करील रे," ते म्हणतात, "पण माणूस समोर पाहिजे. माणूस समोर असला की घाम आपोआप येतो." आजवर माणसं पुष्कळ आली. घामाबद्दल मी काही बोलत नाही.

पहिला मान टिळकांचा. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घातलं, ही गोष्ट नानांना शाळेपासून पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती मनावर घेतली आणि आपलंही एक वर्ष बाजूला काढलं. जुन्या बाजारातून लाकडी मुद्गलांची जोडी आली. ती जिन्यावरून वर आणायला रद्दीवाल्याच्या पोराला हाक मारावी लागली. वर्ष संपलं. वाऱ्याने गॅलरीचं दार आपटू नये म्हणून एक मुद्गल अजून कामाला येतो. दुसऱ्यावर काकू लोणच्याची बरणी टेकवतात.

मग औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. (औंध म्हणजे आपलं पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. नाना हे दर वेळी बजावतात.) या राजाने स्वतः जन्मभर सूर्यनमस्कार घातले, संस्थानातल्या शाळांतून मुलांना घालायला लावले, वर त्यावर पुस्तक लिहिलं. नाना भारावले. सकाळी सहाला 'ॐ मित्राय नमः' अशी खणखणीत आरोळी उठायची. बाराही नावं नाना स्पष्ट, शुद्ध म्हणत. नमस्कार मात्र खगापर्यंत. पूषन्‌पासून पुढचे सूर्य खुर्चीत बसून. "उच्चाराचाही व्यायाम असतो," असं त्यांनी काकूंना समजावलं. काकू तेव्हा वाकून फरशी पुसत होत्या.

खाशाबा जाधवांचा काळ मात्र सगळ्यात बहारीचा. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, कांस्य; स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, ते कसे जमवावे लागले, हे सांगताना नानांचा गळा खरोखर दाटून येतो. इथे चेष्टेला जागा नाही. तर प्रेरणा थेट उगमापाशी घ्यायची म्हणून नाना एस.टी.ने कऱ्हाडला आणि तिथून गोळेश्वरला जाऊन आले. परत आले ते सातारचे कंदी पेढे घेऊन, दोन किलो. "पैलवानाचा खुराक," असं म्हणत त्यांनी पहिला स्वतःच तोंडात टाकला. महिनाभरात खुराक पैलवानाला साजेसा झाला. कुस्तीचं पुढे बघू, असं ठरलं.

मिलिंद सोमणपाशी काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सोमणांनी झुरिचला आयर्नमॅन पुरी केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी अख्खी मॅरेथॉन. नानांनी यातलं सोपं काय ते निवडलं, म्हणजे अनवाणी राहणं. पहिल्याच दिवशी टाचेत काटा घेऊन लंगडत आले. काकू सुई तापवता तापवता म्हणाल्या, "अहो, त्यांच्या आई साडी नेसून धावतात, तेही अनवाणी. मी त्यांना आदर्श धरते. उद्यापासून तुम्ही नातवाचा डबा भरा." सोमणांचा फोटो त्याच संध्याकाळी बाजूला सरकला.

मुरलीकांत पेटकर थोडेच दिवस टिकले, पण खर्चात टाकून गेले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा सांगलीकडचा जवान १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्ण घेऊन आला, हे नानांना सिनेमामुळे कळलं. मध्यंतरात बाहेर येऊनच त्यांनी पोहण्याचा चष्मा मागवला. कांदा चिरायला तो फार उत्तम आहे.

आता नानांचं मुख्य काम सांगतो. हे सगळे आदर्श कुणाला तरी ऐकवावे लागतात. घरात कुणी ऐकत नाही, खाली रस्त्यावर हॉर्नमध्ये ऐकू येत नाही. म्हणून नाना रोज पहाटे पर्वतीच्या टेकडीवर जातात. वर देवळाजवळ निवृत्तांचा कट्टा भरतो, तिथे त्यांचं व्याख्यान असतं. श्रोते मात्र पुण्याचे. एकदा एक चष्मेवाले गृहस्थ मध्येच म्हणाले, "खाशाबा लंडनला गेले होते ना?" नाना उसळले. हेलसिंकी! पैज लागली. नाना सगळ्या पायऱ्या उतरून घरी आले, कात्रण घेतलं, पुन्हा वर गेले. कात्रणात निघालं, की १९४८ला लंडनलाही खाशाबा खेळले होते आणि सहावे आले होते. दोघंही बरोबर, पण आता तहान लागलेली, म्हणून खाली उतरून चहा, आणि चहानंतर आठवलं की चष्मा वरच राहिला. अशी दिवसाआड काहीतरी शंका निघते. कट्ट्यावरचे लोक मुद्दाम काढतात, असा माझा संशय आहे. कात्रणांची पिशवीही आता चांगली वजनदार झाली आहे.

परवा काकूंच्या आग्रहाने नानांना तपासायला नेलं, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, कागद चाळले आणि कौतुकाने विचारलं, "छान आहे हो सगळं. व्यायाम काय करता?"

नानांनी मान खाली घातली. "सध्या काहीच नाही," ते म्हणाले. "माणूस शोधतोय."

"अहो, पर्वती?" काकू म्हणाल्या.

"पर्वती? तो व्यायाम कुठे? तिथे मी बोलायला जातो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. नानांना खरं सांगावं असं मलाही क्षणभर वाटलं. पण एकदा का पर्वती हा व्यायाम आहे असं त्यांना कळलं, की दुसऱ्या दिवसापासून ते सोमवारची वाट पाहू लागतील. काकूंच्याही हे लक्षात आलं असावं. त्यांनी विषय बदलून गुडघ्यावर नेला.

माणूस मिळाला आहे, बरं का. फ्रिजच्या दारावर आता पिवळी पगडी आणि पांढरी दाढी आहे: फौजा सिंग. २०००च्या लंडन मॅरेथॉनमध्ये त्यांचं वय एकोणनव्वद सांगितलं गेलं, आणि त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच मॅरेथॉन. पुढे २०११ला टोरँटोत शंभरीचे असताना आणखी एक. जन्मदाखला नसल्यामुळे गिनेसवाल्यांनी विक्रम मानला नाही, हे कट्ट्यावर कुणीतरी काढलंच. "दाखला धावतो का?" नाना कडाडले, आणि कात्रण आणायला खाली उतरले. २०२५च्या जुलैत फौजा सिंग अपघातात गेल्याची बातमी आली, त्या दिवशी नाना काही न बोलता दोनदा पर्वती चढले होते. तेव्हा त्यांचा फोटो फ्रिजवर नव्हता; पण मनात ते असणार.

"हा माणूस माझ्यासाठीच होता," नाना मला म्हणाले. "एकोणनव्वदाव्या वर्षी सुरुवात! मी सहासष्टचा. म्हणजे तेवीस वर्षं आहेत हातात. उगाच घाई करून गुडघे कशाला घालवायचे?"

"मग तोपर्यंत?"

"बूट आत्ताच घेऊन ठेवलेत," नाना म्हणाले. "तेवीस वर्षांनी काय भाव असेल, कुणी सांगावं."