तिखटाचा पाहुणचार

पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची पायात धरून सावकाश कुरतडतो, तेव्हा बघणाऱ्याला उगीचच स्वतःच्या जिभेची लाज वाटते. ना सुस्कारा, ना डोळ्यांत पाणी. लहानपणी मला तो मोठा तपस्वी वाटे. पुढे कळलं, यात तपश्चर्या कसली नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन पक्ष्यांना मुळी झोंबतच नाही. उंदरासारखे प्राणी बिया दातांखाली चिरडतात, म्हणून झाड त्यांना हाकलतं. बहुतेक पक्षी बिया अख्ख्या गिळून दूर नेऊन टाकतात, म्हणून त्यांना मोकळीक. पोपट मात्र चोचीने बीसुद्धा फोडतो. म्हणजे तपस्वी तर नाहीच, वर फुकट जेवणारा!

आपल्या जिभेवर मात्र पहारा आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी टीआरपीव्ही१ नावाचं एक इवलंसं दार असतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं, तेही मिरचीच्याच मदतीने. २०२१च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर चटका बसला की हे दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे वर्दी जाते: भाजतंय! कॅप्सेसिन येऊन चिकटलं, की तेच दार चटक्यावाचूनही उघडतं. घास गार असो, वर्दी आगीचीच. आणि मेंदू, गावातल्या सरळमार्गी कोतवालासारखा, शहानिशा न करता धावाधाव सुरू करतो. कपाळाला घाम, नाकाला पाणी, डोळ्यांना धार. जन्मभर रोज खोटी वर्दी मिळूनही न विटणारी ही श्रद्धा पाहून मला त्याचं कौतुकच वाटतं. सवयीने दार जरा बधिरतं खरं, पण तेवढ्यात आपण आणखी दोन मिरच्या वाढवलेल्या असतात.

आणि हा सोस काही सनातन नाही. मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. आता मात्र तापल्या तव्यावर मिरच्या, लसूण आणि जाडं मीठ तांब्याच्या बुडाने रगडलं जाऊ लागलं, की ठसक्याने घरभर खोकला उठतो आणि त्याच खोकल्याने भूकही चाळवते.

दुखणं तसं फार एकटं असतं. माझी दाढ ठणकते तेव्हा तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करू शकत नाही. ती कळ कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. ठेचा मात्र ताटात वाढता येतो. एकाच पंगतीत सासरे, जावई, शेजारचे काका, सगळ्यांची नाकं एकदमच वाहू लागतात आणि कुणालाच कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. पाण्याने ही आग विझत नाही, दह्याने जरा निवते, म्हणून यजमीणबाई वाटी पुढे सरकवत विचारतात, “जास्त झालं का हो तिखट?” पाहुणे उपरण्याने डोळे पुसतात, “छे छे, बेताचंच आहे,” म्हणतात आणि भाकरीचा आणखी एक चतकोर मागून घेतात.