तारीख सांगा, नाहीतर ठिकाण सांगा

शिडाच्या बोटीवर सगळ्यात धोकादायक वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक गॅसच्या टाकीचं नाव घेतात. कुणी म्हणतं, डोलकाठीवर पडणारी वीज. दोन्ही चूक. सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे पाहुण्याच्या खिशातलं परतीचं तिकीट.

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको हिवाळ्याचे पाच महिने कॅरिबियन समुद्रात, ग्रेनाडापासून बेक्वियापर्यंतच्या बेटांच्या रांगेत, एका जुन्या ३८ फुटी बोटीवर राहतो. तांडेल बायको आहे. मी खलाशी, आचारी आणि प्लंबर. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोटीवर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत पाहुणे 'अजून किती वेळ?' हे मलाच विचारतात. मी बायकोकडे बोट दाखवतो. ते तिच्याकडे बघून हसतात आणि पुन्हा मलाच विचारतात.

पाहुणे येतात फोटोवरून. मावळता सूर्य, फुगलेलं शीड, माझ्या हातात शहाळं. फोटो टाकल्यावर पंधरा मिनिटांत पुण्याहून फोन : "मजा आहे बुवा तुमची! दिवाळीच्या सुट्टीत टपकतोच." आता कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. दिवाळी दरवर्षी त्यातच सापडते. "पण तोवर पाऊस संपलेला असतो ना?" आपल्याकडे संपलेला असतो. ग्रेनाडा इतकं दक्षिणेला की वादळं तिथवर पोचत नाहीत, असं एकेकाळी बोटवालेही छातीठोक सांगायचे. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान आलं आणि तो समज बेटावरच्या छपरांबरोबर उडाला. १ जुलै २०२४ ला बेरिलने कारियाकू झोडपून काढलं. वादळं कालनिर्णय बघून येत नाहीत.

शेवटी जानेवारी ठरला. आला तो माझा शाळूसोबती, वहिनींसह. अकरा वर्षं तो एका गृहनिर्माण सोसायटीचा अध्यक्ष आहे, म्हणून इथे त्याला अध्यक्षच म्हणू.

'मऊ पिशवी आणा, कडक बॅग नको' असं मी तीनदा लिहिलं होतं. छोट्या रबरी होडीतून प्रत्यक्षात आल्या चाकांच्या दोन कडक बॅगा. पिशवी रिकामी केली की घडी घालून कुठेही कोंबता येते; कडक बॅगेला बोटीवर एकच जागा असते, ती म्हणजे पाहुण्याचं अंथरूण. वहिनी संपूर्ण सहल बॅगेला कुशीत घेऊन झोपल्या. बॅगेतून निघाली बाकरवडी (स्वागत आहे), इस्त्रीचे सहा शर्ट आणि १८०० वॅटचा हेअर ड्रायर. आमच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. तो ड्रायर चालवायचा तर दीडशे अँपिअर लागतील, हे मी कागदावर गणित मांडून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "पाचच मिनिटं लावते."

मग पाण्याचा विषय निघाला. टाकीत चारशे लिटर, माणसं चार. आंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी, साबण, पुन्हा डुबकी आणि शेवटी अंगावर दोन तांबे गोडं पाणी. जो गृहस्थ उन्हाळ्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'पाणी जपून वापरा : अध्यक्ष' अशी सूचना सहीनिशी डकवतो, तो पहिल्या सकाळी नळ सोडून दात घासत उभा होता. टोकलं तर म्हणाला, "टँकर कधी येतो?"

आणि शौचालय. त्याला बोटीवर 'हेड' म्हणतात. हाताने पंप मारायचा असतो, आणि नियम एकच : जे आधी तुमच्या पोटात जाऊन आलंय तेवढंच यात जाईल, बाकी काही नाही, कागदसुद्धा नाही. अध्यक्षांनी नियम 'तत्त्वतः' मान्य केला. तिसऱ्या दिवशी पंप अडकला. मी अडीच तास पालथा पडून तो उघडला आणि आतून ओले रुमाल काढले. पाकिटावर लिहिलं होतं, 'फ्लश करण्यायोग्य'. लिहिणारा कधी माझ्यासारखा पालथा पडला नसणार.

ग्रेनाडाहून कारियाकू तीसेक सागरी मैल, म्हणजे पुणे-लोणावळ्यापेक्षा थोडं कमीच. "तासाभराचं काम," अध्यक्ष म्हणाले. आमची बोट ताशी पाच सागरी मैल जाते, म्हणजे शाळेत सायकलवर जाणाऱ्या पोराइतकी. वारा जायचं तिकडूनच येत होता, त्यामुळे कधी डाव्या अंगाने तर कधी उजव्या अंगाने, नागमोडी जावं लागलं. वाटेत 'किक एम जेनी' नावाचा ज्वालामुखी समुद्राच्या पोटात आहे. तो शांत असला तरी दीड किलोमीटर लांबून जायचं असतं. हे कळताच वहिनींनी रामरक्षा सुरू केली. अध्यक्ष एव्हाना वारा येतो त्या बाजूला उलटी करू नये, हा धडा अनुभवातून शिकले होते. आलेपाक चघळा, क्षितिजाकडे बघा, खाली जाऊ नका, असं बायको सांगत होती. ते खाली गेले. व्हॉट्सॲप बघायला.

खाली गेले ते गेले, पुढच्या केबिनची छतावरची खिडकी "जरा हवा येऊ दे" म्हणून चार बोटं उघडून आले. बेटाचा आडोसा संपला, पहिली मोठी लाट नाकावर चढली आणि त्या चार बोटांतून बादलीभर समुद्र थेट गादीवर पडला. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खारं पाणी प्यालेली गादी उन्हात टाकली तरी कोरडी होत नाही. ती गोड्या पाण्याने धुवावी लागते. चारशे लिटरांतले चाळीस तिथे गेले.

कारियाकूपर्यंत ग्रेनाडाची हद्द. पुढे युनियन बेटावर दुसरा देश, सेंट व्हिन्सेंट. तिथे पिवळा झेंडा लावून जायचं आणि कचेरीत खलाशांची यादी द्यायची. या यादीत पाहुणेही खलाशीच. अधिकाऱ्याने "कॅप्टन?" असं विचारताच अध्यक्ष सवयीने पुढे झाले. बायकोने कागद सरकवला. पहिल्या ओळीत तिचं नाव. चौथ्या ओळीत, 'खलाशी' या हुद्द्यासमोर, अध्यक्षांचं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते बिनविरोध निवडून आले नव्हते.

त्या रात्री त्यांनी सूड घेतला. "कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तुम्हाला चौघांत तीस मैल जड जातात?" बायकोने वरण वाढता वाढता उत्तर दिलं, "एकटे होते म्हणून जमलं. वाटेत चार बंदरं घेतली, एकाही ठिकाणी पाहुणा चढवला नाही."

एक सकाळ मात्र कबूल करायला हवी. टोबॅगो कीज म्हणजे पाच निर्मनुष्य बेटं आणि त्यांच्यापुढे घोड्याच्या नालासारखी प्रवाळाची भिंत. त्या भिंतीच्या आत आम्ही थांबलो होतो. भिंतीपलीकडे थेट आफ्रिकेपर्यंत नुसता अटलांटिक. तो भिंतीवर आपटून फुटतो आणि आत बोट पाळण्यासारखी डुलते. बाराडल बेटाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, एक हिरवं समुद्री कासव गवत चरत होतं. दर थोड्या वेळाने मान वर काढून श्वास घ्यायचं आणि पुन्हा खाली. वहिनी तासभर तिथे उभ्या होत्या. केस ओले, मीठ लागलेले, हेअर ड्रायरची आठवणही नाही. वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्याला कुठे जायची घाई नाही हो."

घाई अध्यक्षांना होती. शुक्रवारी दुपारी ग्रेनाडाहून विमान. आम्ही बेक्वियात, आणि या दिवसांत इथे 'ख्रिसमसचे वारे' सुटतात. चार दिवस तीस नॉट आणि घराएवढ्या लाटा. बोटीवर राहणाऱ्यांचा एक जुना नियम आहे : पाहुण्याने एकतर तारीख सांगावी, नाहीतर ठिकाण सांगावं, दोन्ही सांगू नये. अध्यक्षांनी दोन्ही सांगितलं होतं, वर पैसे परत न मिळणारं तिकीट काढलं होतं. "वारा रविवारी उतरेल," तांडेल म्हणाली. "विमान शुक्रवारी आहे," अध्यक्ष म्हणाले. "मग विमानाला सांगा."

शेवटी ते गुरुवारी फेरीबोटीने तासाभरात किंग्जटाउनला गेले आणि तिथून छोट्या विमानाने ग्रेनाडाला. निघण्याआधी एक गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली. बेक्वियाच्या बंदरात बोटींना पाणी विकणारी एक होडी फिरते. ती नळी घेऊन आमच्या कडेला लागली, तसे अध्यक्ष हर्षाने ओरडले, "बघ! टँकर!"

पुण्याला पोचल्यावर त्यांनी फोटो टाकला : बोटीच्या नाकावर हात पसरलेले, मागे मावळता सूर्य. उलटीचा नाही, गादीचा नाही. मी चिडलो. मग आठवलं, पंपाचा फोटो मी तरी कधी टाकला होता? सूर्यास्त विकायला आम्हीच मांडलाय आणि गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडतोय. म्हणून प्रायश्चित्त घेतलं. उघडलेल्या पंपाचा फोटो टाकला, ओल्या रुमालांसह. तीन लाइक आले. पुढचे दोन महिने एकही फोन नाही. टाकी भरलेली, केबिन कोरडी, शौचालय सुरळीत. आणि संध्याकाळी आम्ही दोघं कट्ट्यावर बसून एकमेकांना तेच ते सांगत होतो. एका रात्री बायको म्हणाली, "अध्यक्ष होता तेव्हा निदान भांडायला कुणी होतं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सूर्यास्त टाकला.

तेव्हा वाचकहो, जरूर या. मऊ पिशवी आणा, बाकरवडी आणा, परतीच्या तिकिटाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन दिवस मोकळे ठेवा. तारीख सांगा, नाहीतर ठिकाण सांगा. आणि नळ बंद करून दात घासा.