ट्रेनिंगसाहेब

संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत कुठल्याही मध्यम कंपनीत शिरा, ट्रेनिंगसाहेब भेटतातच. खिशाला दोन पेनं, हातात हजेरीचा कागद. ट्रेनिंग कसं झालं विचारलं, की ते फोटो दाखवतात. मागे बॅनर, पुढे बजाजनगरातली काँट्रॅक्टची पोरं, मध्ये समोसे. फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे ‘एक्सलंट’. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत असताना दुसरं कोण काय लिहिणार?

‘पण कामात फरक काय पडला?’ असं विचारलं, की साहेब दुखावतात. ‘अहो, ज्ञान काय तराजूत तोलायचं असतं?’ डोनाल्ड कर्कपॅट्रिकने 1959 साली ट्रेनिंगच्या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का आणि त्यातून कंपनीच्या पदरात काय पडलं? साहेबांना चारही तोंडपाठ. त्यांवर ते तासभर बोलतात, मुक्काम मात्र पहिलीवरच.

आयएसओ 9001 ला प्रशिक्षणाची परिणामकारकता तपासलेली हवी असते, म्हणून रजिस्टरात तसा रकाना आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री तो भरला जातो. एकच पेन, एकच अक्षर, वरपासून खालपर्यंत ‘सॅटिसफॅक्टरी’. नोकरी सोडून गेलेलेसुद्धा सॅटिसफॅक्टरी.

साहेबांची खरी भीती निराळीच. माल रिजेक्ट झाला, की प्रॉडक्शनवाले म्हणणार, ‘ट्रेनिंगच बरोबर झालं नाही.’ मग आपणच आकडे काढून त्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?

एकदा मात्र क्वालिटीच्या मॅडमनी मोजमापाचं नावच काढलं नाही. ‘साहेब, तुमची पोरं बघू या,’ म्हणत त्यांना लाइनवर नेलं. रिजेक्ट मालाच्या लाल बिनमधला पार्ट आणि आपला व्हर्नियर एका पोराच्या हाती दिला. पोरानं माप बिनचूक सांगितलं.

‘मग एवढं रिजेक्शन कसं?’

‘मॅडम, लायनीवर व्हर्नियर एकच हाय. तो सुपरवायझरच्या कपाटात, अन् चावी घेऊन ते गेले घरी.’

साहेबांचा चेहरा खुलला. खोट शिकवण्यात नव्हती, कुलपात होती! तेव्हापासून साहेब मोजमापाचे कट्टर पुरस्कर्ते. ट्रेनिंगनंतर महिन्याभराने स्वतः लाइनवर जातात, पोरांकडून काम करवून बघतात, बिनमधले पार्ट मोजतात.

परवा एका ट्रेनिंगमधली चूक खुद्द साहेबांच्या शिकवण्यातच निघाली. त्यांनी तीही प्रामाणिकपणे रकान्यात नोंदवली. पेन्सिलीने.