अडकलेल्या पिस्तुलाचे उपकार

पिस्तूल मध्येच अडकलं की इतर नेमबाजांच्या कपाळावर आठ्या चढतात, मला मात्र पेढे वाटावेसे वाटतात. गोळी सुटलीच नाही, तर ती कुठे लागली हे विचारणार कोण?

निवृत्तीनंतर एखादा छंद लावून घ्या असं आमच्या हिनं सुचवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुधा गॅलरीतल्या कुंड्या किंवा फार तर बाजाची पेटी असावी. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूल प्रकारात दोन-दोन शूट-ऑफ झेलून सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, आणि हे सगळं मी मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये, मांडीवर पोह्यांची बशी ठेवून पाहिलं होतं. त्या पोह्यांबरोबर काहीतरी पोटात गेलं ते गेलंच. तिच्या त्या प्रकारात जलद फेरीत टार्गेट ३ सेकंदांसाठी समोर येतं आणि ७ सेकंद लपतं. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची. मला ३ सेकंदांत चष्मा नाकावर नीट बसवता येत नाही.

म्हणून छंद लावून घेतला तो नेमबाजीचाच. सुरुवात एअर पिस्तुलापासून झाली. या पिस्तुलाचा मोठा दोष म्हणजे त्यात छर्रा एकेक करून हातानं भरायचा असतो, त्यामुळे दोष द्यायला आपल्याशिवाय कुणीच उरत नाही. पुढे रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी मला तिथल्या पॉइंट टू-टू (.२२) पिस्तुलावर बढती दिली (एअरच्या लेनमधली मुलं माझ्यामुळे हसून हसून नेम चुकतात, हे खरं कारण मला नंतर कळलं), आणि माझ्या आयुष्यात मॅगझिन आलं.

पहिल्यांदा अडकलं तेव्हा मी अत्यंत निरागसपणे पिस्तूल हातात धरून मागे वळलो आणि विचारलं, "सर, हे असं का होतंय?" मागे कुणीच नव्हतं. सगळे फरशीवर होते.

त्यानंतर मला नियम शिकवण्यात आले, जरा मोठ्या आवाजात. नळी कायम टार्गेटकडेच, बोट ट्रिगरवरून बाहेर, मोकळा हात वर, आणि रेंज ऑफिसर येऊन बघेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. स्पर्धेत तर यावर नशीब ठरतं: बिघाड खरा निघाला तर सिरीजची दुसरी संधी मिळते; पण अधिकारी येण्याआधी तुम्ही खटपट केली असेल, किंवा विसरून काडतुसंच कमी भरली असतील, तर न उडालेल्या गोळ्यांना शून्य. हे ऐकल्यापासून माझा हात इतक्या तत्परतेनं वर जाऊ लागला की शाळेत गेला असता तर मी पहिल्या बाकावर बसलो असतो.

आता हे मॅगझिन म्हणजे काय, तर संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या दारात घुसणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. मागून रेटा देणारी ती स्प्रिंग. तिच्या डोक्यावर बसलेला फॉलोअर, म्हणजे सगळ्यांच्या पाठीला हात लावून 'चला, पुढे चला' म्हणणारा गृहस्थ. आणि वरचे दोन वळवलेले ओठ म्हणजे दार, एका वेळी एकालाच आत सोडणारं. रेटा कमी पडला तर पुढचा माणूस दारापर्यंत पोचायच्या आत पिस्तुलाची मागेपुढे सरकणारी स्लाइड बंद होते. फॉलोअर तिरका झाला तर काडतूस नाक खाली घालून अडतं. त्यात पॉइंट टू-टूचं काडतूस १८८७ सालचं वाण. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघं, पिशव्यांचे बंद एकमेकांत अडकलेल्या प्रवाशांसारखे, जागीच भांडत बसतात.

दोष स्प्रिंगचा, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला आणि कुणालाही न विचारता साकीनाक्याच्या गल्लीत शिरलो, जिथे गाळ्यागाळ्यांतून स्प्रिंगा वळल्या जातात. एका काउंटरवर चांगली गर्दी होती. "कशाची पाहिजे, काका? कुकर? मिक्सर? शटर?" मी खणखणीत आवाजात सांगितलं, "पिस्तुलाची." गर्दी विरळ झाली, मालकानं अर्धं शटर ओढलं आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही चांगल्या घरचे दिसता." १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, ही माहिती मला त्याच्याकडून मिळाली.

तेव्हा सरावासाठी मी घरचा स्टेपलर उघडला. तत्त्व तेच: पट्टी, स्प्रिंग, पुढे ढकलणारा तुकडा. स्प्रिंग सुटून पंख्यापर्यंत गेली आणि परत आली ती थेट आमटीत. ही काही बोलली नाही. डावानं ती बाहेर काढून तिनं माझ्या ताटात वाढली.

अखेर रेंजवरची हत्यारं सांभाळणारे मामा, सैन्यातून निवृत्त झालेले, माझ्या मदतीला आले. त्यांनी आधी मॅगझिनांवर मार्करनं आकडे घातले. "एकच नंबर अडकत असेल तर मॅगझिनचा दोष. सगळेच अडकत असतील तर पिस्तुलाचा नाहीतर गोळीचा. आणि सगळं एकाच माणसाच्या हातात अडकत असेल तर..." मामा सभ्य गृहस्थ, वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

अडकत होतं ते दोन नंबर. मामांनी ते रिकामंच पिस्तुलात घालून स्लाइड मागे ओढली. फॉलोअरनं खटका उचलून स्लाइड मागेच रोखायला हवी होती, पण ती आरामात पुढे आली. मग तळाची पट्टी सरकवताना त्यांनी स्प्रिंगवर अंगठा धरला (एवढं साधं होतं ते!) आणि आतला ऐवज टेबलावर मांडला. वंगण म्हणून कुणीतरी शिलाई मशीनचं तेल आत भरपूर ओतलं होतं, त्यात गोळ्यांवरचं मेण आणि जळकी भुकटी कालवून काळा लगदा झाला होता. एक ओठ फरशीवर पडून पडून जरा उघडला होता. आणि स्प्रिंग, जी नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर बोटभर आखूड दिसली, ती उलटी बसवलेली होती: फॉलोअरचं पुढचं नाक वर राहायचं ते खाली.

"हे शेवटचं साफ कुणी केलं?" मामांनी विचारलं. मी भिंतीवरची आग विझवण्याची सूचना लक्षपूर्वक वाचायला घेतली.

मामांनी सगळं कोरडं पुसलं, ओठ सारखा केला, नवी स्प्रिंग सुलट घातली, आणि बजावलं, की भरताना बाजूचं बटण वाट्टेल तितकं खाली खेचू नका, प्रत्येक काडतुसापुरतं खेचा, म्हणजे कडा नीट एकीपुढे एक बसतील. मी पाच भरली. लेनवर उभा राहिलो. मोकळा हात सवयीनं अर्धा वर गेला होता, तो खाली घेतला.

पाचही गोळ्या सुटल्या. एकही अडकली नाही.

शेजारच्या लेनवरची कॉलेजातली मुलगी बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिली. मग कानावरचे मफ काढून म्हणाली, "काका, मी पाच मारल्या. माझ्या टार्गेटवर आठ भोकं आहेत." माझ्या टार्गेटवर एक होतं. पाचवीचा शोध मातीच्या ढिगात घ्यावा, असं सरांचं मत पडलं.

मामा लांबून अंगठा दाखवत होते. मॅगझिन झकास चाललं होतं. मी त्यांच्याजवळ गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, ती जुनी स्प्रिंग टाकली का हो?"